तिसरा कॉर्नेट

पेटी उघडली तर आत निळं मखमल,
दोन ठिकाणी विरलेलं,
आणि कोपऱ्यात खोकल्याच्या गोळीचा कागद.
"डेरिकचा होता," ब्रेंडा म्हणाली, "मार्चमध्ये गेला.
माउथपीस मी उकळून ठेवलाय."

उष्ट्याचं मला काय सांगतेस बाई.
आमच्या बँडात एक कॉर्नेट तीन तोंडांत फिरायचा,
आण्णा, थोरला सुदाम, मग मी,
आणि ज्यांच्या दारात तो वाजायचा
ते आम्हाला पाणी वरून ओतायचे.
हे तिला बोललो नाही.
टॉडमॉर्डनमध्ये, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता,
हे सुरू कुठून करायचं?

एकतीस वर्षं.
बोटं तीन खटक्यांवर आपसूक गेली,
दिवस मावळताना गुरं गोठ्यात जातात तशी, न हाकता.
ओठ मात्र विसरले होते.
पहिला सूर म्हणजे
सायकलच्या ट्यूबमधून पळालेली हवा.
दुसरा, दाव्याला बांधलेलं रेडकू.
वरचा पुढचा दात आता माझा नाही,
हॅलिफॅक्सच्या दंतवैद्याचा आहे,
आणि त्या दाताला गाण्यातलं काही कळत नाही.

बायको म्हणाली, गॅरेजमध्ये काय ते करा.
तिथं जुना फ्रीज, मुलीची सायकल, रंगाचे डबे.
फ्रीजसमोर उभं राहून रोज वीस मिनिटं
एकच लांब सूर.
चौथ्या दिवशी सटक्लिफनं कुंपणावरून विचारलं,
कुत्रं आणलंत का?

माझी नोकरी एक्स-रे विभागात.
सव्वीस वर्षं लोकांना सांगतोय,
श्वास घ्या. धरून ठेवा.
मी काचेमागे जातो, बटण दाबतो.
सोडा.
दिवसाला चाळीस छात्या.
स्वतःचा कधीपासून धरून ठेवलाय
ते गॅरेजमध्ये कळलं,
सहाव्या मोजणीला डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा.

कधीपासून ते तसं ठाऊक होतं.
बार्शीत, वर्गातल्या पोराच्या बहिणीचं लग्न.
मी मांडवात, इस्त्रीचा शर्ट, हातात जिलबीची ताटली.
आण्णा बाहेर रस्त्यावर, लाल कोटात,
डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायांच्या मधोमध.
त्यांनी मला पाहिलं.
सूर हलला नाही.
डावी भुवई तेवढी जराशी,
किंवा तीही नाही,
मीच ती नंतर कधीतरी हलवली असेल.
ताटली घेऊन मी खांबामागे सरकलो.
त्यानंतर कॉर्नेटला हात लावला नाही,
अभ्यासाचं कारण सगळ्यांना पटलं,
आण्णांना सगळ्यात आधी.

इथं माझ्या शेजारी फीबी बसते, वय वर्षं बारा.
आमचा तिसरा कॉर्नेट, म्हणजे बराच वेळ गप्प राहायचं.
चौदा मापं ती गुडघ्यावर बोटांनी मोजते.
मला मोजता येत नाही.
आमच्या बँडात गप्प राहणं नव्हतंच,
तुम्ही थांबलात की वरात थांबायची,
नवरदेवाचा मामा आई-बहिणीवरून यायचा.
"आता," फीबी पुटपुटते,
आणि मी अर्धा ठोका उशिरा आत शिरतो,
सगळ्यांच्या खालून, दार उघडंच होतं अशा थाटात.
एक सूर, आठ मापं लांब. बस, एवढंच.
साताव्याला फाटला.
कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मग सगळे नळीतलं पाणी झटकतात,
खुशाल, खाली गालिच्यावर.
प्रत्येक खुर्चीखाली ओला डाग,
शेजारच्या डागात मिसळलेला.
मी बघत राहिलो, जरा जास्तच वेळ.
मग मीही झटकलं.

निघताना ब्रेंडानं कपाटातून हँगर काढला.
"डेरिकचाच आहे. जूनच्या संचलनाला लागेल.
रंग लाल आहे, चालेल ना?"

खांद्यात ढगळ. बाह्या बोटांपर्यंत.
तिनं टाचण्या शोधायला ड्रॉवर उघडला,
तोवर मी त्या आत दुमडल्यासुद्धा,
दोन घड्या, मग एक अर्धी,
सुदामचा कोट माझ्यावर आला तेव्हा
आण्णांनी घालून दिल्या होत्या तशा.