सात किलो चारशे

फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली
कॅमेऱ्याची बॅटरी आहे, कुणी हलवू नका,
असा कागद मी सकाळी फ्रिजवर चिकटवला.
बाहेर शेचाळीस डिग्री.
दौलतगंजातलं डांबर चपलेला लागतंय
आणि मी जिन्यात उभी, हातात लोकरीचे मोजे,
शटरचं बटण चाचपते आहे.
सापडत नाही.
शेवटी उजव्या तर्जनीचं टोक कात्रीनं उडवलं.
पहाटे चार वाजता मुनस्यारीला
एवढंच एक बोट गारठेल.

रात्री बॅटरी काढली. तीन तासांत
चार काड्यांची एक उरलेली.
म्हणजे तीन बॅटऱ्या. आणि त्या पिशवीत नाही,
अंगाशी, स्वेटरच्या आतल्या खिशात.

अच्युतनं रामस्वरूप रद्दीवाल्याकडून
ताणकाटा मागून आणला.
कौस्तुभचा पाळणा जिथं टांगत होतो
त्याच कडीला टांगला. खाली माझी सॅक.
साडेनऊ.
गुडघ्याच्या डॉक्टरांनी सात सांगितलेत.
अच्युत म्हणाला, आता हिशेब तुझा,
तू एजी ऑफिसात तीस वर्षं काय केलंस?

तर मग खर्चकपात.
दुसरा टॉवेल गेला. शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा गेला,
चिक्की रुमालात आली.
लांबची लेन्स बाहेर काढली,
पुन्हा आत ठेवली,
पुन्हा बाहेर.
शिखराजवळ जाण्यासाठी घेतली होती ना ही?
पण मला शिखर जवळ नकोय.
मला त्याच्या पुढ्यातलं एखादं शेत हवंय,
कौलावरचा धूर, आणि मग लांब, खूप लांब, ते.
लेन्स कपाटात. आठशे ग्रॅम.
बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या
तिच्याजवळ ठेवल्या, अर्ध्या सोबत घेतल्या.

तिवईला मात्र हात लावायचा नाही.
ती कुमुद सरवटेची.
दोघींनी जायचं होतं.
कुमुद आता जिना उतरत नाही.
तिनं तिवई दिली, एका पायाला लाल दोरा बांधून,
म्हणाली, हा पाय सैल आहे, उताराकडे करू नकोस.
आणखी काही म्हणाली नाही,
चहा टाकायला उठली, आणि उठायला वेळ लागला.

राहिलं कार्ड. कोरं करून न्यायचं असतं.
त्यावर अकरा फोटो आहेत, तिनं काढलेले,
गेल्या जानेवारीत, आमच्या गच्चीवरून:
धुकं.
किल्ला नाही, तट नाही, खालची घरंसुद्धा नाहीत.
नुसतं पांढरं, अकरा वेळा.
त्या पांढऱ्यात किल्ला कुठं आहे
ते आम्हा दोघींनाच सांगता येईल,
आणि दोघी वेगवेगळी जागा दाखवू.
सगळे कॉम्प्युटरवर उतरवले. दोनदा तपासले.
"पुसायचं?" कॅमेऱ्यानं विचारलं.
मी तो बंद केला.
बाड्यावर जाऊन नवं कार्ड आणलं,
जुनं डबीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकलं.

पुन्हा काट्याला लावलं.
सात किलो चारशे.
कार्ड काढून बघितलं: सात चारशे.
घालून बघितलं: सात चारशे.
अच्युत म्हणाला, चालतंय,
आणि सॅक कडीवरून उतरवताना
तळाशी हात धरून उतरवली.

उद्या रात्रीची गाडी आहे.
मटार सुटलेत एव्हाना,
उसळ करून जायला हवी.