रकाना क्रमांक अकरा

कोर्टनाक्याला, कलेक्टर कचेरीच्या कुंपणाबाहेर
माझं टेबल. लॅपटॉप, प्रिंटर, खळीची बाटली
आणि उन्हात मऊ पडणारी शिक्क्याची गादी.
पूर्वी टाइपरायटर होता. त्यावर
‘राष्ट्रीयत्व’मधला ष उमटायचा नाही, प व्हायचा.
मी पेनाने त्याच्या पोटात रेघ ओढून द्यायचे.
किती जणांच्या राष्ट्रीयत्वात ओढली असेल
ही तिरकी रेघ, मोजलं नाही.

परवा निकाल लागला.
आज सकाळी शिपाई गावंड
जुनी तसबीर काखेत मारून बाहेर आला.
“कुंदाताई, फडकं द्या जरा.
खिळा तोच आहे. फ्रेम मोठी आलीय.
धरतोय का बघायचं.”

मग किशनीबाई आली, कोपरीहून, पूल चढून-उतरून.
घोटकी सोडून तिला चौदा वर्षं झाली.
कागद एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत,
वर रुमाल, गाठ मारलेला,
जसं काही आत दही लावलंय.
बरोबर मुलगा, हरेश,
कळव्याच्या हॉस्पिटलात जन्मलेला,
ळ माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणणारा.
“आई विचारते, नवीन सरकार कायदा बदलणार म्हणतात.
व्हिसा वाढवायचा, की थांबायचं?
थांबलं तर फी वाचेल का?”

काय सांगू?
जाहीरनामा मी वाचलाय. पान तेवीस,
मत्स्यव्यवसाय संपून पर्यटन सुरू होण्याआधी
एक वाक्य आहे: निर्वासितांच्या प्रश्नाबाबत सहानुभूतीपूर्वक.
पुढे क्रियापद नाही.
आता समिती बसेल.
समितीलाही मुदतवाढ मिळते,
आणि तिला फी पडत नाही.

तसं होतंही कधीकधी.
वासदेव लालवाणीला मिळाला होता कागद.
गावदेवीपर्यंत पेढे वाटत गेला म्हातारा,
आणि आठवड्याने परत माझ्याकडेच:
कागदावर त्याचं नाव वासुदेवी पडलं होतं.
तेव्हा हसलो आम्ही दोघं.
दुरुस्तीला किती दिवस लागतात
हे त्याला मी हसू ओसरल्यावर सांगितलं.

आणि गेल्या थंडीत एक काबूलचा आला होता,
घोडबंदरला सुका मेवा विकणारा.
सगळं बरोबर होतं त्याचं,
वर्षं, पावत्या, पोलीस दाखला,
फक्त तो कायद्याच्या यादीत नव्हता.
मी फॉर्म कोराच परत दिला. पैसे घेतले नाहीत.
जाताना त्याने टेबलावर मूठभर अंजीर ठेवले.
ते मी खाल्ले का, ते विचारू नका.

“वाढवून घ्या आजच,” मी म्हटलं.
“कायदा आलाच, तर फी बुडेल.
नाही आला, तर तुम्ही बुडाल.”
हरेशने हे आईला सिंधीत सांगितलं.
माझ्या वाक्यापेक्षा फार लांब लागलं त्याला.
काहीतरी मऊ घातलं असणार मध्ये.

फॉर्म मीच उघडला, टाइप तो करत होता.
अकराव्या रकान्यावर थांबला.
कायमचा पत्ता.
“कोपरी लिहू?”
कोपरी घेत नाही तो रकाना, मला माहीत होतं.
किशनीबाईने न विचारता सांगून टाकलं:
कालव्याच्या पुलाजवळ, निळं दार.
आता दुसरं कुणी राहतं तिथे.
दार निळं आहे की नाही, ते तिला माहीत नाही.

मी गप्प बसले.
माझ्या रेशनकार्डावर अजून रबाळं आहे.
आमच्या घराच्या जागी गोदाम झालं,
त्यालाही आता वीसेक वर्षं होतील.
पण मला कुणी विचारत नाही ना.

एवढ्यात पडदा पांढरा झाला:
आपले सेशन संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.
“दिल्लीचं?” किशनीबाई दचकली.
“नाही आई, हे आपलं,” हरेश म्हणाला,
आणि पहिल्या रकान्यापासून
परत नाव घालायला लागला.

आत भिंतीवर ठोकाठोक चाललीय.
दुसरा खिळा मारतायत वाटतं.