मिशा चिकट होतात

मार्तुनी मागे पडलं, चढ लागला,
आणि काटा लाल पट्टीला जाऊन टेकला.
पायांशी मात्र हीटरमधून
नुसती सेवानच्या पाण्यावरची थंडी.
निवाला ताप, आम्हाला हिव.
हवा अडकलीय, वडील म्हणाले.
गावार सोडल्यापासूनचं
हे त्यांचं पहिलं वाक्य.

नाक चढाकडे करून गाडी लावायची.
हवेला वर जायचंच असतं,
तिला फक्त रस्ता ठाऊक नसतो.
चाकामागे दगड मी लावला,
ज्वालामुखीचा, काळा, भोकाभोकांचा;
त्याच्यातही कधीतरी अडकली असणार.
वडिलांनी बुटाच्या टोकाने तो पारखला.
एकतीस वर्षं खाणीत गेलेला माणूस
रस्त्यावरच्या धोंड्यालाही
पास-नापास केल्याशिवाय सोडत नाही.

तापलेल्या झाकणाला हात लावू नये.
अर्धा तास बसलो.
बॉनेटवर गाताचा तुकडा ठेवला, तो ऊन झाला,
अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा खिशात ठेवला.
एक मेंढपाळ थांबला, म्हितार नावाचा,
त्याने इंजिनात डोकं घालून पाहिलं, हं म्हणाला,
आणि मेंढ्यांच्या मागे निघून गेला.

स्क्रूड्रायव्हर कुणालातरी दिलेला,
कुणाला ते आठवेना.
वीस द्रामच्या नाण्याने मी क्लॅम्प सैल केला
आणि कार्बुरेटरजवळची बारीक नळी उपटली.
आत काहीच नाही.
सुकलेलं, एक पांढरट कडं.

दर हिवाळ्यात हे काम त्यांचंच.
टाकीच्या तोंडावर जुन्या बनियनची चिंधी,
चिंधीवर ओठ, गाल टम्म,
कपाळावर एक शीर उभी.
मागच्या सीटवरून पाहताना मला वाटायचं,
पेट्रोलबिट्रोल सगळं खोटं,
ही गाडी त्यांच्या फुंकरीवर चालते.

आज चिंधी त्यांनी माझ्या हातात दिली.
मिशा चिकट होतात, म्हणाले.

मिशा त्यांनी मे महिन्यातच काढल्या होत्या,
येरेवानच्या इस्पितळात,
ऑक्सिजनची नळी नीट बसावी म्हणून.
मी त्यांच्या वरच्या ओठाकडे पाहिलं नाही.
चिंधी घातली, तोंड लावलं.

पहिली फुंक वाया. दुसरीही.
तोंडची वाफ दवडू नकोस, ते म्हणाले,
पोटातून फुंक.
वाफ खरंच निघत होती त्या गारठ्यात
दोघांच्याही तोंडातून,
माझी लांब,
त्यांची आखूड, तुटक, नाकापर्यंतच पोचणारी.

तिसऱ्या वेळी खाली कुठेतरी गुडगुडलं.
नळी खोकली.
एक थुंकी, मग फेस,
मग बराच वेळ काहीच नाही,
माझ्या डोळ्यांपुढे काजवे.
अजून, अर्पेनिक, अजून,
ते नळीवर वाकून सांगत होते,
एक हात नळीखाली, ओंजळ केल्यासारखा,
आणि त्या तळव्यावर एकदम
निळी, कोमट, सलग धार.

बस. जान, बस.

नळी बसवली, नाणं फिरवलं.
माझ्या जिभेवर तोसोल आला होता थोडा,
गोड.
थुंक, ते ओरडले, विष आहे ते, थुंक!
इतक्या मोठ्याने ओरडले की खोकला आला,
तो थांबेपर्यंत
मी बोनेटचा दांडा उगाच पुसत राहिले.

गाडी सुरू झाली.
काटा मधोमध येऊन उभा राहिला.
हीटर आधी गार, मग कसाबसा,
मग एकाएकी कढत.
वडिलांनी निळा पडलेला तळवा जाळीसमोर धरला
आणि पहिलं वळण येईपर्यंत तसाच ठेवला.

डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं.

सेलिमच्या माथ्यावर पुन्हा बघावं लागेल, ते म्हणाले.
एकदा काढली म्हणून
सगळी निघत नाही.

डबा माझ्या पायाशी होता.
मी तो हलवून पाहिला.
अजून अर्ध्याला थोडा कमी.