हातभर नळी

पहाटे ड्युटीला निघाले, किक मारून मारून
पोटरी भरून आली. टाकीत नुसता वास.
मांडवीच्या आमच्या गल्लीत ही सातवी गाडी.

पेडणेकर म्हणाले, कॅमेरा बसवू.
खोबरेकरवहिनी म्हणाल्या, लॉकचं झाकण घ्या,
दीडशेला मिळतं नाक्यावर.
मग रापणीवरच्या पोरांची नावं निघाली,
नेहमीसारखी, पुराव्याआधी.

मी गप्प.
सकाळीच अबोलीला पाणी घालताना
हिरवी नळी शेवटच्या कुंडीला पोचली नव्हती.
हातभर कमी.
सुरीने कापलेली, सरळ.

आणि सर्वेश हल्ली
बांगड्याचं कालवण चमच्याने खातो.

आज टाकी फुल करून आणली.
खिडकीत बसलेय, दिवा न लावता.
फाटकाशी कुत्रं उठलं,
शेपूट हलवलं,
परत झोपलं.