तिसरा रकाना

नेसरीकर मॅडमच्या वर्गाबाहेर माझं स्टूल.
अकरा वर्षं तिथंच.
राजारामपुरी, दुसरा मजला,
खाली सायकलवाल्याचा पंप फुस्स फुस्स.

आतून यायचं : आसेये-वू.
बाकं करकरायची.
लव्हे-वू. पुन्हा करकर.
बसा आणि उठा,
हे मला आधी बाकांनी शिकवलं.

मग केरात एक झेरॉक्स घावली.
डावीकडं फ्रेंच, उजवीकडं इंग्लिश :
सिट डाऊन, स्टँड अप, लिसन, रिपीट.
राहिलेल्या कोऱ्या कडेला
मी पेन्सिलीनं रेघ मारली.
एकुते : ऐका की जरा.
रेपेते : माझ्या मागनं म्हणा.
तेझे-वू : गप रे...
ते खोडलं. गप बसा, लिहिलं.
त्या 'वू'त मान असतो,
मॅडमच सांगत होत्या आत.

आमच्या शाळेत गुरुजींचं,
ऊठ. अंगठे धर. हात पुढं.
'वू' लावायला जागाच नव्हती कुठं.

एफासे ल ताब्लो : फळा पुसा.
ते तर माझंच काम, पोरं गेल्यावर.
फेर्मे ला पोर्त : दार लावा.
तेवढं एकच मला उद्देशून,
बाकी सगळं आतल्यांना.
मी लावायचो.
बाहेरनं.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
मेव्हण्याची म्हैस फतकल मारून बसलेली.
मी म्हटलं, लव्हे-वू.
उठली की ओ!
मेव्हणा म्हणतोय, दाजी,
सकाळी सकाळी शिव्या कसल्या देताय तिला?

मार्चात एकदा मॅडमची गाडी
कावळा नाक्यावर बंद पडली.
वर्गात नुसता बाजार.
पाटलाची पोरगी टेबलावर,
मोमीनचा पोरगा खिडकीत,
कागदाची विमानं पार माझ्या स्टुलापर्यंत.
मी दारात गेलो. खाकीची बटणं लावली.
सिलाँस, म्हटलं.

गप्प. सगळी.
पंखा तेवढा फिरत होता.
कुणीतरी पुढच्या बाकावरनं वही उघडली,
पेनाचं टोपण काढलं,
आणि माझ्याकडं बघत राहिलं.

सगळे हुकूम मला पाठ होते.
आता ह्यांना सांगायचं काय,
ते फ्रेंचात येत न्हवतं.
मराठीत तरी कुठं येत होतं.

फळा पुसला. आधीच पुसलेला.
खडू जाग्यावर ठेवला.
आणि दार लावून घेतलं,
ह्या खेपेला आतनं,
मॅडम येईपर्यंत.