खुलासा

बातमी चार ओळींची होती. आतल्या पानावर,
एका अंगाला रेल्वे फाटक दुरुस्तीसाठी बंद असल्याची सूचना,
दुसऱ्या अंगाला जांबोटी रस्त्याला दिसलेलं अस्वल.
मधे,
"खानापूर येथील सटुप्पा भरमा गुरव, वय ७१,
यांचे अल्पशा आजाराने निधन."
मीच पाठवलेली. झेरॉक्सच्या दुकानातून,
रात्री साडेनऊला, लाइट जायच्या आत.

सकाळी सातला सटुप्पा दारात.
सायकलला दुधाचे दोन कॅन, काखेत पेपर.
"मी मेलो म्हणून छापलायसा.
खरं माझं दूध अजून डेअरीला जायलंय की."

गेला होता नटुप्पा. धाकटा.
फोनवर पोराचा आवाज तुटत होता,
स ऐकला का न, आता शपथेवर सांगता येत नाही.
एवढंसं अक्षर.
समोर दस्तगीर पेंटर शिडीवर चढून
मेडिकलची पाटी नव्यानं रंगवत होता:
कन्नड किती इंच, मराठी किती इंच,
टेप लावून, पेन्सिलीनं खुणा करून.
तो वरूनच हसला. "मामा, तुमचं अक्षर कुणी मोजलं न्हाई काय?"

तो दिवस सटुप्पाला असा गेला:
डेअरीत बसवण्णेप्पानं नेहमीसारखं फॅट लावलं, आकडा लिहिला,
"बन्नी, चहा कुडीरी" म्हणाला.
त्याच्याकडं कन्नड पेपर येतो,
आणि कन्नड पेपरात सटुप्पा जिवंत होता.
बाजारपेठेत मात्र तीन माणसं दचकली.
एकानं नमस्कार केला, मागे सरून.
सोसायटीत कर्ज वसुलीच्या टेबलावर
क्लार्क म्हणाला, बसा, आता तुमची घाई नाही.
लोंढ्याहून लेक आली पॅसेंजरनं,
काकासाठी निघालेली, वाटेत कुणीतरी पेपर दाखवला,
अळणावरच्या बायका तिला धरून बसलेल्या.
बापाला फाटकापाशी सायकल ढकलताना बघून
तिनं आधी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले,
मग रडली.

संध्याकाळी तो परत आला.
मी खुलासा लिहून ठेवला होता,
दिलगिरी वगैरे, संपादकांशी बोलून.
वाचून दाखवला.
सटुप्पा स्टुलावर बसून ऐकत होता,
मशीन चालू होतं, कुणाच्या तरी रेशन कार्डाच्या प्रती,
हिरवा उजेड त्याच्या चपलांवरून सरकत.
म्हणाला, "नावाचं ऱ्हाऊ दे. जित्या माणसाला असं कधी वाचाय मिळतंय?
खरं हे अल्पशा कुठनं काढलासा?"

मी म्हटलं, तसं लिहितात.

"कौलाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं.
भट्टीची राख, मातीचा धुरळा.
दोन वर्षं झोपला न्हाई आडवा होऊन,
भिंतीला उशी लावून बसायचा,
त्याची खोकल्याची वेळ आमच्या म्हशीला पाठ होती.
ती उठून उभी ऱ्हायची.
अल्पशा?"

मी फोन लावला बेळगावला.
डेस्कवरचा पोरगा म्हणाला, सर, नाव बदललंय,
बाकी मजकूर लागलाय, पान गेलंय.

दुसऱ्या दिवशी पान चारवर, तळाला,
नटुप्पा भरमा गुरव, वय अडुसष्ट,
अल्पशा आजाराने.
वर फाटक दुरुस्तीची मुदत दोन दिवस वाढलेली.
अस्वल कुठं गेलं ते नव्हतं.

सटुप्पानं दोन्ही कात्रणांच्या प्रती काढून घेतल्या,
एकेक लॅमिनेट. पैसे घेतले नाहीत मी.
तो काउंटरवर अर्धा लिटर ठेवून गेला,
आणि ते अल्पशा
निळ्या पेनानं खोडलेलं होतं,
लॅमिनेट करायच्या आधीच,
जोरात, कागद फाटेपर्यंत.