तिसऱ्या टाकीचं विरजण

उणे बावीस. टाकीवर वाफेचा जाड पडदा,
आणि वाफेला आज ओल्या मातीचा वास.
म्हणजे ठीक आहे.
सडक्या अंड्याचा आला असता
तर एएतूला झोपेतून उठवलं असतं.
बत्तीस वर्षं हे मी नाकानं ओळखते.
मीटर नंतर आले.

फळ्या निळ्या पडू नयेत म्हणून
आमच्या गावच्या गिरणीत त्या एका हौदात बुडवायचे.
वडील हौदाशी उभे, बाह्या दुमडून.
घरी आले की आई म्हणायची, आधी सौना, मग जेवण.
त्यांच्या तळहातांची कातडी
भूर्जाच्या सालीसारखी सुटायची.
हौद गेला. गिरणी गेली. वडील गेले.
ते पाणी कुठे जाणार?
खाली मुरलं, विहिरींत उतरलं,
आता नळ्यांतून माझ्याकडे येतं:
क्लोरीनच्या कड्या लावून बसलेला रेणू,
उन्हाला दाद देत नाही, बर्फाला देत नाही.

विद्यापीठातल्या बाईंनी विचारलं,
हे खाणारं कोणी आहे का तुमच्याकडे?
शेजारणीनं वाटी पुढे करावी तसं.
मी चमचा घेऊन गेले
जिथं अजून गवत धरत नाही,
जिथं ते उभे असायचे, अगदी तिथे.
त्या मातीत कोणी टिकलं असेलच
तर ते खायला शिकूनच टिकलं असणार.

पहिल्या खेपेला सगळे मेले.
चूक माझी, भरभरून वाढलं.
मग एक थेंब. मग दोन. अकरा महिने,
पोरांना कॉफीची सवय लावतात तशी,
दुधात बुडवून.
सूक्ष्मदर्शकाखाली देठांवरच्या घंटा
उघडतात, दचकून मिटतात; पाहुण्यांना त्याच आवडतात.
काम करणारे नुसते ठिपके.

परवाच्या फेब्रुवारीत कुणीतरी रात्री आम्ल सोडलं.
सकाळी टाकी राखाडी, निपचित.
एएतू रडवेला झाला.
मी घरी जाऊन फ्रिज उघडला.
विलीच्या वाडग्याशेजारी एक बरणी होती.
विली म्हणजे आमचं तार धरणारं दही;
त्याचं विरजण आईनं सरहद्द सोडताना आणलेलं,
फडक्यावर वाळवून, फडकं स्वेटरच्या आत,
तेव्हा ती नऊ वर्षांची.
घरात असं काही राखून ठेवायचं असतं
हे मला कुणी शिकवलं नाही.

एकवीस दिवसांनी वास परतला.

बाहेर जाणाऱ्या पाण्यात अजूनही थोडं उरतं.
तक्त्यात मी उरलेलं लिहिते;
खाल्लेलं लिहायला रकाना नाही.
मे महिन्यात मी निवृत्त होईन.
एएतू आता बरणी स्वतःकडे ठेवतो,
झाकणावर त्यानं चिठ्ठी डकवली आहे,
त्याच्या बायकोसाठी:
धुवू नकोस.